साठपर्यंत मोजलेला उजेड

माजलगावात तेव्हा टॉर्चला बॅटरी म्हणत, आणि घड्याळाच्या काट्यांवरच्या हिरवट रंगाला रेडियम. तो रंग रेडियम नव्हता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. उजेडात धरला की तो उजेड साठवायचा आणि अंधारात थोडा थोडा परत द्यायचा, एवढाच त्याचा गुण. अशी घड्याळं गावात पुष्कळांच्या मनगटावर होती. पण ज्याचं काम त्या रंगावाचून अडेल असा एकच माणूस माझ्या माहितीत होता. धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता.

मी बीडच्या एका दैनिकाचा माजलगावचा वार्ताहर होतो. बातमी आणि फोटो एका पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, बीडच्या स्टँडवर कचेरीतला शिपाई ते उतरवून घ्यायचा, अशी व्यवस्था होती. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, त्यामुळे दिवसातून एकदा तरी स्टुडिओत जाणं व्हायचं. फोटोवाल्यांना सगळी गल्ली मामा म्हणे. मीही म्हणू लागलो. ते मला नावानं हाक मारत नसत. ‘पत्रकार’ म्हणत, आणि त्या शब्दात थोडी थट्टा असे.

जिन्याखालची खोली ही मामांची डार्करूम. पूर्वी तिथे तुरीची पोती ठेवत. दाराला आतून काळं कापड आणि कापडावर गोधडी. प्रिंट काढताना आत लाल दिवा चालायचा. रोल धुताना तोही चालत नाही. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि डेव्हलपरच्या ट्रेमधून ती झोक्यासारखी वरखाली फिरवत राहायची, तेही मिट्ट अंधारात. किती मिनिटं, याला महत्त्व असतं. कमी झाली तर चित्र उमटत नाही, जास्त झाली तर काळवंडतं. दोन्ही हात गुंतलेले, डोळ्यांना काही दिसत नाही, अशा वेळी मिनिटं सांगणारी एकच वस्तू आत नेता येते. ती म्हणजे रेडियमचे काटे असलेलं घड्याळ.

मामांचं घड्याळ जुनं होतं आणि काट्यांवरचा रंग जागोजागी उडाला होता. दुपारी वीज नसायची. म्हणून आत जाण्याआधी ते बॅटरीची काच घड्याळाच्या काचेला टेकवत आणि साठपर्यंत मोजत. मग बॅटरी बाहेर ठेवून घड्याळ समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत. इतका उजेड पाजूनही दहा मिनिटांत काटे दिसेनासे होत. रोल धुवायला सात मिनिटं लागत. ते जमून गेलं होतं.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, आणि डाव्याला कमी उजेडात फारसं दिसत नसे. खिळ्यावरचं घड्याळ त्यांना दिसेना. तेव्हापासून मी घड्याळ हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहू लागलो आणि मिनिटं सांगू लागलो. ते डोळे मिटून काम करत. अंधारात डोळे उघडे ठेवले की माणूस उगाच बघायचा प्रयत्न करतो आणि हात चुकतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

धरणात पाणी अडवल्यानंतरचा तो पहिला मोठा दुष्काळ. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. ऊस नसल्यानं साखर कारखान्यांचे हंगाम लवकर आटोपले होते. माझ्या बातम्या तीन विषयांवर चालत: टँकर, गुरांच्या चारा छावण्या आणि सहकारी संस्थांच्या निवडणुका. सिंदफणा नदीवरच्या धरणाचं पाणी दर आठवड्याला मागे सरकत होतं. तळ उघडा पडायच्या आत जेवढे मिळतील तेवढे मासे काढून घ्यायचे, असं मासेमारांच्या सोसायटीनं ठरवलं होतं. त्यामुळे ज्या गावात पिण्याच्या पाण्याला रांग होती तिथे बर्फाच्या लाद्या मात्र रोज येऊन पडत.

मग पाण्यातून जोती वर आली. धरणात गेलेल्या एका गावाच्या घरांची ती जोती होती. तिथली माणसं तेलगावच्या बाजूला पुनर्वसन गावात राहत होती. ती चालत येऊन बघून जाऊ लागली. बायका गाळात उभ्या राहून आपला ओटा कुठला, उखळ कुठं होतं ते एकमेकींना दाखवत. मी बातमी दिली, मामांनी काढलेला फोटो दिला, दोन्ही छापून आलं.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ स्टुडिओत आले. हातात घडी घातलेला पेपर.

“जय भीम,” ते म्हणाले. “ह्यो फोटू तुमी काढला का?”

“काढला मी,” मामा म्हणाले. “छापला ह्यांनी. शिव्या द्यायच्या आसल्या तर ह्यांना द्या.”

“शिव्या न्हाईत. काम हाय.”

ते गवंडी होते. वय सत्तरीच्या पुढे; काम सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना मिस्त्रीच म्हणत. मुलगी तेलगावात शाळेत शिक्षिका होती. काय काम आहे ते त्यांनी बाकड्यावर बसून, क्रम न चुकवता सांगितलं.

धर्मांतरानंतर काही वर्षांनी जुन्या गावातल्या त्यांच्या वस्तीनं एक लहान विहार बांधला होता. भिंती मिस्त्रींनी रचल्या. ज्या घरांनी बांधकामाला हातभार लावला त्यांची नावंही पायरीशेजारच्या दगडावर त्यांनीच छिन्नीनं कोरली. गाव उठलं तेव्हा मूर्ती आणि लाकूड नव्या जागी नेलं, दगड राहिला. आता पुनर्वसन गावात नवा विहार बांधून होत आला होता आणि बुद्धपौर्णिमेला त्याचं उद्घाटन होतं. जुन्या घरांच्या नावांची पाटी तिथे बसवायची, असं कमिटीनं ठरवलं होतं. यादी आठवणीवरून केली होती. तिच्यात दहा नावं होती.

“अकरा हायती,” मिस्त्री म्हणाले. “अकरावी एक बाई. एकली होती, नवरा गेलेला. तिचं नाव मी सोता कोरलंय.”

“मग सांगा की कमिटीला,” मामा म्हणाले.

“सांगितलं. म्हनले, मिस्त्री, आता तुमचं वय झालं. तिनं काय दिलतं? वर्गनी न्हाई, लाकूड न्हाई, दगड न्हाई.”

“काय दिलतं?”

“पानी. दोन म्हैने नदीवरून घागरी आनल्या तिनं. चुना काय थुकीनं भिजवनार होतो का मी?”

ती बाई गाव उठण्याच्या आधीच पुण्याला गेली होती आणि तिथेच वारली होती. पुनर्वसन गावात तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. महिनाअखेरच्या रविवारी कमिटीची बैठक होती. त्या दिवशी यादी पाथरवटाकडे जाणार होती. एकदा कोरली की कोरली.

“दगडाचा फोटू पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. “माझ्या तोंडावर इस्वास न्हाई. दगडावर ठिवतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. जोती एका उंचवट्यावर होती. सगळीकडून गाळ, फक्त एका बाजूनं पाणी. मिस्त्रींना गाळातून नेणं शक्य नव्हतं, म्हणून मासेमार सोसायटीच्या सेक्रेटरीनं एक होडी आणि होडीवाला दिला. मी त्यांच्या निवडणुकीची बातमी सरळ दिली होती, एवढीच आमची ओळख.

“मामा, मासे सोडून दगडाचे फोटू कावून काढता?” होडीवाल्यानं विचारलं.

“दगड हालत न्हाई, बे. तुझा सभासदाचा फोटू तीनदा काढला, तिन्ही बारी डोळे मिटलेस.”

“तुमी त्यो उजेड मारता ना तोंडावर.”

“मग काय तोंडावर पानी मारू? पानी हाय का?”

मिस्त्री हसले नाहीत. ते होडीच्या टोकाला पुढे बघत बसले होते.

उतरल्यावर त्यांना रस्ता विचारावा लागला नाही. दोन जोत्यांमधून, मग एका पडक्या आडाला वळसा घालून ते सरळ गेले आणि एका जागी थांबले. गाळाची पापुद्र्यासारखी साल हातानं काढली. खाली दगड होता. होडीवाल्यानं डब्यानं पाणी ओतलं. अक्षरं होती, पण दगडाच्याच रंगाची. वाचता येत नव्हती. मिस्त्रींनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात चुलीतली राख होती. ती त्यांनी तळहातानं दगडावर चोळली आणि वरची फुंकून टाकली. राख खाचांमध्ये राहिली आणि ओळी पांढऱ्या होऊन वर आल्या.

अकरा होत्या. मिस्त्रींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी वाचून दाखवलं. मामांनी तीन फोटो काढले. एक समोरून, दोन कडेनं, उन्हाची तिरीप अक्षरांवर पडेल असे. कॅमेऱ्यात नवा रोल घातलेला होता, हे त्यावरचे पहिले तीन. मी वहीत पाण्याची पातळी आणि उघड्या पडलेल्या जोत्यांची संख्या लिहून घेतली. नावं लिहून घेतली नाहीत. फोटोत येणारच आहेत, असं मला वाटलं. वार्ताहराच्या कामातली ती साधी चूक होती, आणि ती माझी होती.

रोल पूर्ण भरल्याशिवाय मामा तो धुवत नसत. फिल्म बीडहून यायची, कधी यायची कधी नाही. दुष्काळात लग्नं कमी झाली होती. एरवी दोन दिवसांत संपणारा रोल आता आठवडा आठवडा चालायचा. रविवारला अजून वेळ होता, म्हणून कुणी घाई केली नाही. त्या आठवड्यात वरच्या धरणातून उजव्या कालव्यानं माजलगावच्या धरणात पिण्यासाठी पाणी सोडलं. ती चांगली बातमी होती. मी ती पहिल्या पानासाठी पाठवली आणि ती तशी लागलीही. चार दिवसांत जोती पुन्हा पाण्याखाली गेली. दगड गेला. उरला तो कॅमेऱ्यातला रोल.

शुक्रवारी मिस्त्री आले. रोलमध्ये अजून पाच फोटो बाकी होते, मामांनी ते समोरच्या किराणा दुकानाचे काढून टाकले आणि म्हणाले, “बसा. आजच धुतो.”

दुपार होती, वीज नव्हती. डेव्हलपर इतका तापलेला असायचा की त्यात रोल घातला तर फिल्मवरचा थर सुटून यावा. मी सोसायटीच्या गोदामातून बर्फ आणला. तो मासळीच्या पेटीतला होता आणि त्याला तसा वास होता. मामींनी रोल धुण्यासाठी एक बादली पाणी काढून दिलं.

“फोटू धुवायला पानी हाय, मानूस धुवायला न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मानूस धुवून कुठं उजळतोय,” मामा म्हणाले.

मामांचं घड्याळ बंद पडून दुरुस्तीला गेलं होतं. माझ्याकडे घड्याळ होतं. थोरल्या भावानं त्याच महिन्यात घेऊन दिलेलं, नवं, काट्यांवर आणि प्रत्येक आकड्यावर रंगाचा जाड ठिपका. बॅटरीत आदल्याच दिवशी नवे सेल घातले होते. मामा ट्रे मांडत होते तेवढ्यात मी बाहेर उभा राहून, रोज बघत होतो तसं केलं. बॅटरी काचेला टेकवली आणि मोठ्यानं साठपर्यंत मोजलं.

आत गेलो. दार लावलं, कापड सोडलं, गोधडी सोडली. घड्याळ असं काही उजळलं होतं की माझी बोटं मला दिसत होती. मला ते बरंच वाटलं. मिनिटं चुकणार नाहीत. खोली अरुंद होती. मी मामांच्या डाव्या खांद्याशी, घड्याळ छातीजवळ धरून उभा होतो. त्यांचा डावा हात फिल्म घेऊन वर यायचा, खाली जायचा. त्यांचे डोळे मिटलेले असणार.

“दोन झाली,” मी म्हणालो. “तीन.”

सात झाल्यावर फिल्म हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात गेली. आणखी थोडं थांबून मामांनी दार उघडलं आणि फिल्म उजेडासमोर धरली. तिचं एक टोक धुरकट काळं होतं. पहिले तीन फोटो त्याच टोकाला होते.

मामांनी फिल्मकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. दार पुन्हा लोटून घेतलं. अंधारात त्या घड्याळाचा उजेड त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसला असणार.

“किती मोजले?” त्यांनी हळू विचारलं.

“साठ.”

“माझ्या घड्याळाचे साठ. ह्याला दहा बी जास्त झाले आसते.”

जुन्या घड्याळाचा नियम मी नव्या घड्याळाला लावला होता. रंगानं घेतलेला सगळा उजेड सात मिनिटं त्या टोकावर पडत राहिला होता.

मामा बाहेर गेले. मिस्त्री बाकड्यावर होते, मामी दारात.

“मिस्त्री,” मामा म्हणाले, “माझ्या हातून जरा गडबड झाली.”

“तीस वर्षं झाली लग्नाला,” मामी म्हणाल्या, “ह्ये वाक्य आज ऐकलं.”

मी मागे उभा होतो. मामांनी वळून बघितलं नाही. त्यांनी मला बोलायला जागा ठेवली नव्हती, आणि मी ती करून घेतली नाही.

“दगड गेला,” मिस्त्री म्हणाले. “आता फोटू बी गेला का?”

“गेला न्हाई. धूर बसलाय त्याच्यावर. लाइट येऊ द्या, पुसून बघतो.”

वीज संध्याकाळी सात वाजता आली. धुरकटलेल्या फिल्मवरून प्रिंट काढायची तर कागद वेगळा लागतो, काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा. मामांच्या कपाटात अशा कागदाचं एक जुनं पाकीट होतं. ते तुकडे तुकडे करून चाचण्या घेत गेले. फिल्ममधून कागदावर उजेड चार चार मिनिटं सोडायचा, जिथे धूर कमी तिथे हाताची सावली धरायची, कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा, बघायचं, फेकायचा. पहिल्या फोटोतून काहीच निघालं नाही. दुसऱ्यात वरच्या चार ओळी निघाल्या. प्रत्येक तुकडा धुवायला पाणी लागत होतं. बादली संपली. मामींनी दुसरी आणून ठेवली.

“उद्या कुनी अंघोळीचं नाव काढायचं न्हाई,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

तिसरा फोटो दुसऱ्याहून जास्त कडेनं काढलेला होता. तिरप्या उन्हानं प्रत्येक खाचेला एका बाजूनं सावली होती, आणि त्या सावल्यांनी धूर थोडा तरी हटवला. लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये, कागदावर ओळी येत गेल्या. मामांनी मला वाचायला सांगितलं, कारण त्यांना दिसत नव्हतं. दहा नावं बऱ्यापैकी वाचता येत होती. अकराव्या ओळीचा मधला भाग पूर्ण गेला होता. सुरुवातीचं एक अक्षर उरलं होतं, आणि शेवटी ‘बाई’.

“बाई दिसतंय?” मामांनी विचारलं.

“दिसतंय.”

“बाकीच्या दहांत बाई हाय का कुनी?”

“नाही. सगळी पुरुषांची नावं.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि त्याच्या तीन प्रिंट काढल्या.

रविवारी मी मिस्त्रींबरोबर पुनर्वसन गावाला गेलो. मामा आले नाहीत; स्टुडिओ उघडा ठेवायचा होता. बैठक नव्या विहारात होती. फरशी अजून बसायची होती, म्हणून सतरंजी टाकली होती. कमिटीचे अध्यक्ष चाळिशीतले, साखर कारखान्यात कारकून. त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यांनी प्रिंट हातात घेतली, दारातल्या उजेडाकडे धरली आणि नखानं ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या.

“अकरा आहेत,” ते म्हणाले.

प्रिंट हातोहात फिरली. एकजण म्हणाला, “पर शेवटचं नाव कुठं वाचता येतंय? कुनाचंबी आसंल.” मी ते दगडावर वाचलं होतं, पण लिहून घेतलं नव्हतं; माझा शब्दही मिस्त्रींच्या शब्दासारखाच तोंडी होता.

“कुनाचंबी म्हंजी कुनाचं, ते सांगा,” मिस्त्री म्हणाले. “दहा घरं तुमीच मोजलीत. अकरावं कुनाचं? बाई हाय ते तर दिसतंय का न्हाई? वस्तीत एकल्या बाईचं घर दुसरं कोनतं होतं?”

भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं प्रिंट मागून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती उलटसुलट करून बघितली, परत दिली आणि त्या बाईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

“ती माझ्या म्होरं चालायची पान्याला,” म्हातारी म्हणाली. “मी माझ्या घरचं आनायची, ती विहाराचं. मी इसरले होते. इसरले म्हंजी, कुनी इचारलंच न्हाई.”

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं आणि यादीत अकरावं नाव स्वतः लिहिलं. प्रत्येक नावापुढे कुणी काय दिलं ते होतं: लाकूड, दगड, चुना. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं.

“पुढं काय लिहू, काका?”

“काय लिवायचं? पानी लिवा.”

त्यांनी ‘पाणी’ लिहिलं आणि कागद, यादी न्यायला आलेल्या पाथरवटाच्या पोराकडे न देता, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. मी स्वतः नेऊन देतो, असं म्हणाले.

परत येताना रस्त्यात मी मिस्त्रींना सांगितलं की फोटोवर धूर बसला तो मामांमुळे नाही, माझ्यामुळे. घड्याळ माझं होतं. त्यांनी मान हलवली.

“मला तवाच वाटलतं,” ते म्हणाले. “तुमचं तोंड पडलतं.”

“मामा तसं बोलले नाहीत.”

“कशाला बोलतील? भित वाकडी गेली तर गवंडी मजुराचं नाव घेत न्हाई. पाडतो अन् पुन्हा रचतो.”

मामांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, “पत्रकार, तुमाला कुनी इचारलतं का?” आणि मला चहा आणायला पाठवलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर बीडच्या दवाखान्यात झालं. त्यानंतर त्यांना घड्याळ वाचून दाखवायची गरज उरली नाही. तरी मी बरीच वर्षं त्या खोलीत जात राहिलो. पुढे मी ज्या कचेऱ्यांमध्ये काम केलं तिथे चूक कुणाची हे आधी ठरवत आणि काम मागून करत. मामांनी ते उलटं केलं होतं. माझ्या चुकीवर त्यांनी आपलं नाव घातलं, आणि मग एका डोळ्यानं, जुन्या कागदावर, दुसऱ्याच्या घरची एक ओळ परत मिळवली. मामींनी दुष्काळात दोन बादल्या पाणी दिलं. या दोघांचं माझ्यावर जे आहे ते मी कधी त्यांच्यासमोर बोललो नाही. तशी बोलायची पद्धत आमच्यात नव्हती.

तीन प्रिंटांपैकी एक कमिटीकडे राहिली, एक मिस्त्रींकडे. तिसरी त्यांनी माझ्या हातात दिली.

“तिची लेक हाय पुन्यात. तिला नेऊन द्या.”

पत्ता नव्हता. वस्तीतल्या एकाचा भाऊ पुण्यात होता, त्याच्याकडून शोध लागला. पावसाळ्यात कचेरीच्या कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा मी तिच्या घरी गेलो. ती एका दवाखान्यात आया होती, नुकतीच ड्यूटी संपवून आली होती. मी प्रिंट दिली आणि शेवटची ओळ कुठली ते दाखवलं. विहारात बसवलेल्या नव्या पाटीवर हेच नाव आता स्पष्ट आहे, हेही सांगितलं. तिनं प्रिंट खिडकीजवळ नेली. आईनं हे कधीच सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. पाणी वाहिलं एवढंच म्हणायची. कशासाठी ते नाही.

मग तिनं एक प्रश्न विचारला. आई पाण्याला जायची तेव्हा तिला कुणाकडे ठेवून जायची? ती तेव्हा अगदी लहान असणार, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

मला माहीत नव्हतं. विचारून कळवतो, असं मी म्हणालो.

माजलगावला परत आल्यावर तेलगावच्या गाडीनं जाऊन मी मिस्त्रींना विचारलं. त्यांना आठवायला वेळ लागला नाही.

“ठिवायची कुनाकडं? बरूबर आनायची,” ते म्हणाले. “घागर डोक्यावर, पोरगी कडंवर. घागर उतरली की पोरगी माझ्या वाळूच्या ढिगात बसायची. उठवली की रडायची.”

मी ते त्यांच्याच शब्दांत पोस्टकार्डावर लिहिलं आणि त्याच दिवशी टपालात टाकलं.